ब्लीड केलं तरी ब्रेक पेडल पुन्हा खाली जातंय: हवा आहे की वाव?

चारही चाकांची हवा काढली, पेडल कडक लागलं, गाडी कामावर गेली. आठ-दहा दिवसांत तीच गाडी तीच तक्रार घेऊन दारात: पेडल खाली जातंय. पुन्हा ब्लीडिंग, पुन्हा आठ दिवस बरे. तिसऱ्यांदा निपलला (चाकाशी असलेल्या, हवा सोडायच्या स्क्रूला) पाना लावण्याआधी थांबायला हवं. हायड्रॉलिक ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते, त्यात हवा आपोआप तयार होत नाही. ती परत आली असेल तर कुठून तरी शिरतेय. शिरत नसेल, तर पहिल्यापासून ती हवा नव्हतीच, तो वाव होता, म्हणजे पॅड आणि डिस्क किंवा लायनर आणि ड्रम यांच्यातलं वाढलेलं अंतर.

इथे डोळ्यासमोर आहे ती सर्व्हिस व्हॅन किंवा पिकअप: पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा), टँडेम मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने दोन वेगळ्या सर्किटांत दाब तयार करणारा). सतत हत्यारं आणि सुटे भाग लादलेली, दिवसभर थांबत-सुटत फिरणारी आणि तीन-चार जणांच्या हातात असलेली गाडी. रोज चालवणारा एकच माणूस नसल्यामुळे पेडल हळूहळू बदललंय हे कोणाच्या पायाला कळतच नाही, कळतं ते फार उशिरा. एअर ब्रेकच्या ट्रकला यातलं काही लागू नाही.

आधी एक कोडं सोडवू. दोष वावाचा असेल तर ब्लीडिंगनंतर पेडल सुधारतं कसं? हवा काढताना आपण वीस-पंचवीस वेळा पेडल मारतो. तेवढ्यात मागे ढकलले गेलेले कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन पुढे येतात आणि पॅड डिस्कला जाऊन बसतात. शिवाय ड्रम उघडलाच आहे म्हणून कोणीतरी लायनर (ड्रमला आतून घासणारे) थोडे बाहेर काढून ठेवतो. पेडल वर येतं आणि श्रेय ब्लीडिंगला जातं. चार दिवसांनी पिस्टन पुन्हा मागे सरकतात आणि आपण म्हणतो, हवा राहिली असेल.

पेडल काय सांगतंय

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसती पेडलला द्या. इंजिन बंद ठेवा, पेडल चार-पाच वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा, मग दाबा.

पहिल्या दाबाला पेडल खाली गेलं, लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं आणि वर आल्यावर दगडासारखं कडक लागलं, तर तो वाव आहे. लायनर ड्रमपासून किंवा पॅड डिस्कपासून लांब आहेत, पहिला दाब ते अंतर भरण्यात खर्च होतोय. दुसऱ्या दाबाला वर आलं तरी पायाखाली स्प्रिंगसारखं, लवचीक लागत असेल तर हवा. वर येऊन एकसारख्या दाबाखाली हळूहळू खाली उतरत जात असेल तर एकतर बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप (पिस्टनवरचा रबरी सील) आतल्या आत फ्लुइड सोडतोय.

ही तिसरी चाचणी घेताना जोर लावू नका. झिजलेला कप जोरात दाबला की सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि चाचणीत पास होतो. सिग्नलला उभं असताना पाय जसा हलकाच ठेवतो, तेवढाच दाब एक मिनिट धरा. तेव्हा पेडल खाली सरकताना स्पष्ट जाणवतं. जोरात दाबून 'मास्टर ओके' असा शेरा मारला जातो आणि पुढचे दोन महिने सगळे हवा शोधत बसतात.

इंजिन सुरू करताना पाय पेडलवर असेल तर पेडल थोडं खाली जातं. तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा आहे, दोष नाही. खाली गेलंच नाही आणि पेडल लाकडासारखं राहिलं तर व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह बघा.

दुसरा प्रश्न गाडी चालवणाऱ्याला विचारायचा: पेडल नेमकं केव्हा जातं? खराब रस्त्यावरून किंवा जोराच्या वळणानंतर पहिलाच ब्रेक खाली जात असेल, तर हबचं बेअरिंग सैल आहे किंवा डिस्क वाकडी आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळचा पहिला दाब खाली जात असेल, तर मागच्या व्हील सिलिंडरचे कप संशयित. भरलेल्या गाडीने लांब उतार उतरल्यावर पेडल स्पंजसारखं होत असेल आणि अर्ध्या तासाने आपोआप ठीक होत असेल, तर फ्लुइड उकळतंय. या तिन्ही तक्रारी वर्कशॉपच्या वहीत 'ब्रेक कमी' एवढ्याच दोन शब्दांत उतरतात, हीच अडचण आहे.

एक मिलिलिटर म्हणजे किती

हवा आणि वाव दोन्ही पेडलला सारखेच का भासतात, हे आकड्यांत लगेच दिसतं. मास्टर सिलिंडरचा बोअर २२ मिमी धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ३८० चौरस मिमी. एक मिलिलिटर हवा ब्रेकच्या दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते, म्हणजे तेवढं फ्लुइड पिस्टनला जास्त ढकलावं लागतं. त्यासाठी पिस्टन सुमारे २.६ मिमी सरकतो. पेडलचं गुणोत्तर ४ असेल, म्हणजे पिस्टनच्या चौपट पेडल सरकत असेल, तर पायाखाली साडेदहा मिमी. एका मिलिलिटरला एवढं.

आता वाव बघा. मागचा व्हील सिलिंडर २० मिमीचा, दोन पिस्टन. झिजलेल्या लायनरमुळे प्रत्येक पिस्टनला अर्धा मिमी जास्त सरकावं लागलं, तर दोन्ही चाकांत मिळून ०.६३ मिलिलिटर जास्त लागतं. पेडल साडेसहा मिमी खाली. पुढे ५४ मिमीचा एकेक पिस्टन असलेले कॅलिपर असतील आणि दोन्हीकडे पिस्टन फक्त ०.१ मिमी मागे ढकलले गेले, तरी जवळपास पाच मिमी. दोन्ही एकत्र झाले की एक मिलिलिटर हवेचं काम होतं, यंत्रणेत हवेचा बुडबुडासुद्धा नसताना.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाव, मग गळती, मग मास्टर, आणि ब्लीडिंग सगळ्यांत शेवटी.

वाव काढणं

गाडी सपाट जागी, चाकांना उटी, जॅकवर नाही तर स्टँडवर. सर्व्हिस गाडीत मागे दोन-तीनशे किलो सामान सहज असतं आणि ते एका बाजूला असतं. स्टँडची क्षमता बघताना गाडीच्या रिकाम्या वजनावर जाऊ नका.

मागून सुरुवात करा आणि सर्वांत आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. हे न करता लायनर सेट केले की सगळंच चुकतं. केबल ताणलेली असताना लायनर आधीच थोडे उघडलेले असतात, त्यामुळे लिव्हर मूळ जागेवर येत नाही आणि ऑटो अॅडजस्टर काम करणं सोडतो. हँडब्रेक सैल वाटला की केबल ओढायची, ही सवय या दोषाचं मूळ आहे. हँडब्रेक सैल वाटतो कारण लायनर झिजलेत. आधी लायनर, मग केबल.

ड्रम काढल्यावर धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने खाली बसवा, ती फुप्फुसात जाण्याची वस्तू नाही. ड्रमच्या आत कडेला झिजेची कड तयार झाली असेल तर आतला व्यास मोजा. कमाल व्यास बहुतेक ड्रमवर कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेलेला ड्रम टर्न करून वाचत नाही. अॅडजस्टरची तारांकित चकती हाताने फिरते का बघा. गंजून धरलेली असेल तर काढून, साफ करून, आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा. डावा आणि उजवा अॅडजस्टर बहुतेक गाड्यांत उलट आट्यांचे असतात. अदलाबदल झाली तर प्रत्येक ब्रेकला लायनर जवळ येण्याऐवजी लांब जातात, आणि मग कितीही ब्लीडिंग करा.

ड्रम चढवून चकती चाक अडेपर्यंत फिरवा, पेडल दोन-तीनदा जोरात मारा म्हणजे लायनर मध्यावर येतील, पुन्हा अडेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत काही दाते मागे घ्या. हलकी घासणी ऐकू आली तर चालेल, हाताला अडथळा लागता कामा नये. त्यानंतर हँडब्रेकची केबल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या दात्यांप्रमाणे.

पुढे चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंग सैल असेल तर ते आधी. डिस्कची डोल (फिरताना कडेचं आत-बाहेर हलणं) डायल गेजने मोजा, काठापासून साधारण १० मिमी आत. बहुतेक उत्पादक ०.०५ ते ०.१ मिमीच्या पुढे मान्य करत नाहीत. डोल जास्त निघाली तर लगेच डिस्क बदलू नका. डिस्क काढून हबच्या तोंडावरचा गंज घासून काढा, परत बसवून मोजा. गंजाचा एक पापुद्रा पुरेसा असतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. पिन धरलेली असेल तर कॅलिपरचं अंग वाकतं, आणि ती वाकण पेडलला हवेसारखीच लवचीक लागते. एक पॅड दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला दिसला तर पिन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हवा शिरते कुठून

वाव संपला, पेडल अजून मऊ आहे, तर आता हवा शोधायची.

ब्रेक दाबल्यावर आत प्रचंड दाब असतो, तेव्हा हवा आत येणं शक्य नाही. ती येते पेडल सोडताना. पेडल पटकन सुटलं की पाइपमध्ये क्षणभर दाब पडतो. व्हील सिलिंडरचा कप कडक झालेला असेल तर त्या क्षणी त्याची कड मिटते आणि हवेचा बारीक घोट आत जातो. दाबताना तोच कप फुगून घट्ट बसतो, म्हणून थेंबसुद्धा बाहेर दिसत नाही. बाहेर कोरडं आणि आत हवा, असा हा दोष, आणि 'गळती कुठेच नाही' म्हणून हाच सर्वाधिक वेळा सुटतो. व्हील सिलिंडरचं धूळटोपण बोटाने उचलून बघा. आत ओल, काळा चिखल किंवा गंज दिसला तर सिलिंडर गेला. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. बोअरला गंजाचे खड्डे असतील तर नुसतं किट घालण्यात अर्थ नाही, नवा कप महिन्याभरात कापला जातो.

कोणतं चाक हे शोधायला होज (चाकाकडे जाणारा रबरी पाइप) चिमटणारे होज क्लॅम्प वापरा. गुळगुळीत जबड्याचे, गोलसर. पक्कड किंवा ग्रिप प्लायर लावला तर होजच्या आतला थर फाटतो. स्टीलची जाळी असलेल्या होजला क्लॅम्प लावायचाच नाही, आणि ज्या रबरावर भेगा दिसतात तो होज चिमटायचा नाही, बदलायचा. सगळे होज चिमटा आणि पेडल दाबा. कडक लागलं तर मास्टरपासून होजपर्यंत सगळं ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाचा क्लॅम्प सोडल्यावर पेडल ठळकपणे खाली जातं, दोष तिकडे. पुढचं चाक सोडल्यावर थोडं जास्त जाणारच, कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. तुलना नेहमी डावी-उजवीत करा, पुढच्या-मागच्यात नाही.

एक साधी पण लाजिरवाणी चूक: कॅलिपर बदलताना डावा उजवीकडे गेलेला. दोन्ही बाजूंना तो बसतो, बोल्ट लागतात, होज पोचतो, फक्त निपल वर येण्याऐवजी खाली येतं. हवा वर जाते आणि निपलमधून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं फ्लुइड येत राहतं. लिटरभर ओतलं तरी पेडल स्पंजच. निपल फ्लुइडच्या पोकळीच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का, एवढंच बघायचं असतं.

होज आतून सुजला असेल तर एक माणूस पेडल दाबत असताना हात लावल्यावर तो फुगताना जाणवतो. आतला थर सुटून झडप बनला असेल तर उलट घडतं: दाब चाकापर्यंत जातो, परत येत नाही, चाक धरून राहतं. धरलेल्या चाकाचं निपल उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर फ्लुइड अडकलं होतं. झालं नाही तर दोष यांत्रिक आहे, पिस्टन किंवा पिन. होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी दोन्ही नवे टाका.

हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लचची नळी ब्रेकच्याच टाकीतून निघते. टाकीची पातळी कमी होतेय, चारही चाकं कोरडी, मास्टर कोरडा. अशा वेळी गिअरबॉक्सजवळचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बघायचा. नळी मुद्दाम टाकीच्या उंच भागातून काढलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं फ्लुइड उरतं. पण चढावर किंवा वळणावर अर्धी टाकी हिंदकळते, हे विसरू नका.

मास्टर सिलिंडर

टाकीचं झाकण काढून हलक्या दाबाने पेडल धरून ठेवायला सांगा आणि आत बघा. फ्लुइड संथपणे गिरक्या घेत वर येत असेल तर कप आतून सोडतोय. पेडल सुटताना छोटं कारंजं उडतं ते मात्र सर्वसाधारण आहे. ते मोठं, जोरदार असेल तर पुढे कुठेतरी दाबलेली हवा उसळून परत येतेय. वाकून बघत असाल तर चष्मा घाला. फ्लुइड डोळ्याला वाईट आणि रंगाला त्याहून वाईट. पत्र्यावर सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता, ते पाण्यात मिसळतं.

पातळी कमी होतेय आणि गाडीखाली कुठेच थेंब नाही, तर मास्टरचे दोन नट काढून तो बूस्टरपासून बोटभर पुढे घ्या. मागचा सील गेलेला असेल तर बूस्टरच्या तोंडाशी ओल सापडते. सगळं फ्लुइड आत साठत राहतं आणि बूस्टरच्या पडद्याची वाट लावतं.

जुन्या मास्टरचं मरण पुष्कळदा ब्लीडिंगमुळेच ओढवतं. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या पहिल्या भागातच फिरतो. पुढच्या भागात वर्षानुवर्षं गंज आणि गाळ बसतो. ब्लीडिंग करताना पेडल फरशीला टेकवलं की कप त्या खरबरीत भागावरून जातो आणि कड फाटते. ब्लीडिंगच्या आधी बरा असलेला मास्टर नंतर पेडल सोडायला लागतो, तो असा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पूर्ण खाली जाऊच देऊ नका.

नवा मास्टर बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून बेंच ब्लीड करा: दोन्ही तोंडांना नळ्या, नळ्यांची टोकं टाकीतल्या फ्लुइडमध्ये बुडलेली, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळू दाबायचा. गाडीत मास्टर पुढच्या तोंडाने वर कललेला असेल तर त्या टोकात थोडी हवा अडकून राहते. गाडीचा मागचा भाग मास्टर समतल होईपर्यंत उचला आणि मास्टरचे पाइप नट किंचित सैल करून तिथूनच ती काढा.

पुशरॉडची लांबीही याच वेळी तपासा. बूस्टरचा दांडा आणि पिस्टन यांच्यात बारीकसं अंतर हवं, माप मॅन्युअलमधून घ्या. अंतर उरलं नाही तर टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं, गरम फ्लुइड फुगतं, परत जायला जागा नाही आणि ब्रेक आपोआप धरू लागतात. ब्रेक दिव्याचा स्विच जास्त आत बसवल्यानेही पेडल पूर्ण वर येत नाही आणि हाच परिणाम होतो. धरलेल्या अवस्थेत मास्टरचे दोन नट थोडे सैल केल्यावर चाकं मोकळी झाली, तर रोग इथेच आहे.

फ्लुइड, ज्याला सगळे ऑइल म्हणतात

'ब्रेक ऑइल' हा शब्दच घातक आहे. त्या नावामुळे कोणीतरी टाकीत इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं ऑइल टॉप-अप करतो. ग्लायकॉलच्या फ्लुइडसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाने फुगतं. झाकणाखालचा रबरी पडदा सुजून वेडावाकडा झालेला दिसला तर टाकीतलं थोडं फ्लुइड ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक फ्लुइड मिसळून जाईल, तेल वर तरंगेल. तरंगलं तर ब्लीडिंग करून उपयोग नाही. मास्टर, व्हील सिलिंडर, कॅलिपरचे सील, सगळे होज, आणि एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याचं दाब कमी-जास्त करणारं मॉड्युलेटर, रबर असलेलं सगळं बदलावं लागतं.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची, डॉट ५ सिलिकॉनचं. नावात एका अंकाचा फरक आहे, पण ५ आणि ५.१ एकमेकांत मिसळायची नाहीत. कोरड्या फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू डॉट ३ ला २०५, डॉट ४ ला २३० आणि डॉट ५.१ ला २६० अंश सेल्सिअस. पाणी शोषलेल्या, म्हणजे ३.७ टक्के ओलाव्याच्या स्थितीत तोच १४०, १५५ आणि १८० वर येतो. ताज्या आणि ओल्या फ्लुइडमधली ही दरी हेच 'उतारावर पेडल गेलं, थंड झाल्यावर आलं' याचं कारण. तापल्यावर पेडल खाली गेलं पण कडकच राहिलं असेल तर तो ड्रम तापून फुगल्याचा वाव असतो. मऊ झालं असेल तर वाफ. मॅन्युअलमध्ये दुसरी मुदत नसेल तर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचं, गाडी कितीही कमी फिरलेली असो. उघडून महिनोन्‌महिने ठेवलेली बाटली ब्रेकसाठी वापरू नका.

आता ब्लीडिंग

लागतं ते असं: डब्यावर मॅन्युअलशी जुळणारा डॉट क्रमांक असलेलं सीलबंद फ्लुइड एक लिटर, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, बाटली, निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा ८ ते ११ मिमी) आणि दुसरा माणूस. ओपन पाना निपलच्या कडा गोल करतो. गंजलेल्या निपलला आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग स्प्रे मारा, टपल्या द्या, आणि सुटत नसेल तर आधी किंचित घट्ट करून मग सोडवा.

टाकीतलं जुनं फ्लुइड सिरिंजने ओढून काढा, तळाचा गाळ कोऱ्या फडक्याने टिपा, नवं भरा. हे न करता सुरुवात केली तर टाकीतली घाण चारही चाकांपर्यंत पोचवण्याचं काम होतं.

क्रम मॅन्युअलचा. मॅन्युअल नसेल तर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे, असा सर्वसाधारण रिवाज. तिरप्या जोडणीच्या गाडीत एका सर्किटचं मागचं चाक, मग त्याच सर्किटचं समोरचं तिरपं चाक, आणि तसंच दुसरं सर्किट.

मालवाहू गाडीत इथे एक खास मेख आहे. मागच्या अॅक्सलजवळ दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली, अॅक्सल खाली लोंबला, की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. मागच्या निपलमधून फ्लुइड रडतखडत येतं, हवा तशीच राहते. गाडी चाकांवर उभी ठेवून किंवा अॅक्सलखाली स्टँड देऊन मागची हवा काढा. व्हॉल्व्हवर स्वतःचं निपल असेल तर तेही ब्लीड करायचं, ते चिखलात झाकलेलं असतं म्हणून राहून जातं. दांडीची सेटिंग मात्र अंदाजाने हलवू नका.

इग्निशन बंद. नळी निपलवरून आधी वर जाऊन मग बाटलीत उतरली पाहिजे, टोक फ्लुइडमध्ये बुडलेलं. आतला माणूस पेडल सावकाश दाबून 'धरलं' म्हणतो. बाहेरचा निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो, पेडल ठोकळ्यापर्यंत जातं, निपल बंद होतं, बाहेरचा 'सोड' म्हणतो, मगच पाय सुटतो. पेडल सुटण्याआधी निपल बंद, हा क्रम एकदा जरी चुकला तर केलेलं वाया. पुढच्या दाबाआधी दोन-तीन सेकंद थांबा. भराभर पंप मारला तर मोठा बुडबुडा फुटून फेस होतो आणि फेस पाइपला चिकटून बसतो. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. पातळी छिद्राखाली गेली की पुन्हा पहिल्यापासून.

नुसती हवा काढायची असेल तर बुडबुडे थांबल्यावर आणखी चार-पाच दाब. फ्लुइड बदलायचं असेल तर रंग बदलेपर्यंत, साधारण प्रत्येक चाकाला १५० ते २५० मिलिलिटर. प्रेशर ब्लीडर असेल तर सुमारे १ बारवर ठेवा, प्लॅस्टिकच्या टाकीला त्याहून जास्त सोसेलच असं नाही. व्हॅक्यूम पंपाने ओढताना निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते आणि बुडबुडे कधी संपतच नाहीत. ते खोटे असतात. शेवटचे दोन दाब पायाने मारून खात्री करा.

एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये हवा गेली असेल, म्हणजे मास्टर कोरडा पडला किंवा मॉड्युलेटरचे पाइप उघडले असतील, तर पायाने ती पूर्ण निघत नाही. स्कॅन टूलने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ज्या गाड्यांत पेडल आणि चाकं यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दाब तयार करते, तिथे मॅन्युअलशिवाय निपलला हात लावू नये.

निपल घट्ट करताना दंडाचा जोर नको, लहान निपलला साधारण ७ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. त्याचं टोक शंकूच्या आकाराचं असतं आणि तेच फ्लुइड अडवतं, आटे नाही. म्हणून आट्यांना टेप गुंडाळून गळणारं निपल बंद होत नाही. टोकाला खाच पडली असेल तर निपल बदला. रबरी टोपी परत लावा, नाहीतर पुढच्या वेळी ते गंजून तुटेल.

गाडी सोडण्याआधी

इंजिन बंद ठेवून, व्हॅक्यूम संपवून, पेडल आधी हलक्या आणि मग पूर्ण जोराने प्रत्येकी एक मिनिट धरा. नंतर इंजिन सुरू ठेवून पुन्हा. प्रत्येक जोडावर पांढरा कागद टेकवा, गळती डोळ्याआधी कागदावर दिसते. चाकांचे नट टॉर्क रेंचने. मोकळ्या जागेत ताशी १० ते २० किमीच्या वेगाने चार-पाच ब्रेक, मग थोडा वेग वाढवून. गाडी एका बाजूला ओढते का आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन कोणतं चाक जास्त तापलंय ते बघा. काढलेलं जुनं फ्लुइड गटारात ओतू नका आणि जुन्या इंजिन ऑइलच्या पिंपातही मिसळू नका, ते वेगळ्या डब्यात द्यायचं असतं.

टाकीवर पातळीशी चिकटपट्टी लावून तारीख, किलोमीटर आणि फ्लुइडचा प्रकार लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दाब तपासा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पट्टीशी पातळी ताडून बघा. पॅड झिजतात तशी पातळी महिन्यांच्या हिशेबात किंचित उतरते, तेवढ्यासाठी टॉप-अप नको, कारण नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की तेच फ्लुइड टाकीतून बाहेर सांडतं. आठवड्यात पट्टीखाली बोटभर गेली तर ती झीज नाही. गाडी उभी करा आणि मास्टरचे ते दोन नट काढून बूस्टरच्या तोंडाशी बघा.